फळीची पाठ

डोंबिवलीच्या माझ्या वर्कशॉपमध्ये शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर सागाच्या दोन फळ्या टांगलेल्या दिसतात. पॉलिशची बाजू भिंतीकडे, पाठ आपल्याकडे. दोन्ही एकाच लॉटमधल्या, सहा इंच रुंद, १९ मिलिमीटर जाड, आता दोन-दोन फुटांचे तुकडे करून ठेवलेल्या. पहिलीच्या पाठीवर गोंदाच्या करड्या वळ्या आहेत आणि त्या वळ्यांना भिंतीची पांढरी पुट्टी पापुद्र्यासारखी चिकटून आली आहे. पापुद्र्याची भिंतीकडची बाजू नखाला अगदी गुळगुळीत लागते. दुसरीची पाठ ओरबाडलेली आहे. सागाचे दोरेच्या दोरे उपटून निघालेत, कारण पहार घालेपर्यंत तिने भिंत सोडली नव्हती.

दोन्ही फळ्या एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच नळीतल्या गोंदाने लावल्या होत्या. तो माणूस मी.

काम २०१९ सालचं, ठाण्यातल्या एका नव्या टॉवरमधलं, पंधराव्या मजल्यावरचं. नातवाच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीला सागाच्या उभ्या फळ्या लावायच्या होत्या, आठ फुटी, एकूण अकरा. साग गिऱ्हाइकाचाच होता. गावचं जुनं घर उतरवलं तेव्हाचे वासे त्यांनी जपून ठेवले होते, ते चिरून मी फळ्या काढल्या. घरातल्या काकूंची अट एकच होती, भिंतीला भोक पडता कामा नये. अट रास्त होती. हल्लीच्या बऱ्याच टॉवरमध्ये खोल्यांच्या भिंतीसुद्धा विटांच्या नसतात. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब काँक्रीटने एकत्रच ओततात. साइटवर सगळे त्याला मायवान म्हणतात. विजेच्या वायरींचे पाइप त्या काँक्रीटच्या पोटातूनच जातात, आणि कुठला पाइप कुठून गेलाय त्याचा नकाशा घरमालकाच्या हातात बहुधा नसतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये गिट्टी मारताना कुणाचं तरी ड्रिल नेमकं अशाच पाइपात शिरलं होतं. मग ठरलं, स्क्रू नको, फळ्या गोंदानेच लावायच्या.

सुताराचा आणि गोंदाचा संबंध तसा जुना. माझे वडील सावंतवाडीजवळच्या गावात दारं-खिडक्या करायचे तेव्हा घरात सरस शिजायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांचा तो सरस पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा, आणि त्याचा वास घरभर. फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली, आमच्याकडे पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. पण सरस काय आणि पांढरा गोंद काय, दोन्ही लाकडाला लाकूड जोडण्यासाठीच. पांढऱ्या गोंदातलं पाणी दोन्हीकडचं लाकूड पिऊन टाकतं, मागे राहिलेला गोंद रंध्रांमध्ये घट्ट होतो आणि सांधा लाकडापेक्षा पक्का होतो. तोच गोंद काँक्रीटवर लावला तर काही दिवस धरतोही. मग भिंतीतली ओल त्याला गाठते आणि तो पुन्हा मऊ पडतो. लाकूड आणि काँक्रीट यांच्यासाठी गोंद वेगळाच लागतो. तो बंदुकीत घालायच्या नळीत येतो, साधारण ३०० मिलिलिटरची नळी. मी वापरला तो पॉलियुरेथेनचा, ज्याला दुकानात पीयू म्हणतात. हा हवेतली ओल घेऊन बाहेरून आत आवळत जातो, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, आणि आवळल्यावरही रबरासारखा थोडा लवचीक राहतो.

ती लवचीकता फार मोलाची, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं ते भिंतीबद्दल.

फळ्या एप्रिलमध्ये लावल्या. भिंत पाहिली तर पांढरीशुभ्र, सपाट, ओळंब्यात. हात फिरवला, धूळ नाही. कोरड्या कापडाने पुसली आणि वळ्या ओढल्या. फळी दाबून धरायला समोरच्या कपाटापासून टेकू दिले, दुसऱ्या दिवशी काढले. फळीला फळी अगदी भिडवून लावली होती, केसभर फट नाही, आणि त्या भिडलेल्या रेघांचं मला फार कौतुक वाटलं होतं. पॉलिशचे तीन हात मारले. काकूंनी पेढे दिले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ‘मिस्त्री, तुमची भिंत खाली आली हो.’ आवाजात राग नव्हता, भीती होती. अकरापैकी सात फळ्या पलंगावर पडल्या होत्या. दुपारची वेळ, नातू शाळेत. एकेक फळी साडेचार किलोच्या आसपासची. मी त्या खोलीत उभा राहिलो तेव्हा पलंगावर मुलाची उशी होती आणि उशीवर फळीचा कोपरा टेकला होता. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

घरी येऊन आधी मी गोंदालाच शिव्या घातल्या. नळीवर छापलेलं असतं की इतक्या जागेवर इतके किलो धरतं. तो आकडा खोटा असतो असं नाही. तो गोंदाचा आकडा असतो. भिंतीची कातडी किती धरते ते नळीवर छापलेलं नसतं आणि छापणारही कसं, प्रत्येक भिंत वेगळी. रात्री फळ्या उलट्या करून एकेकीची पाठ बघत बसलो तेव्हा कुठे गोष्ट उलगडायला लागली. सातही पाठींवर पुट्टी होती. गोंदाने लाकूड सोडलं नव्हतं आणि पुट्टीही सोडली नव्हती. पुट्टीने काँक्रीट सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन उघड्या पडलेल्या भिंतीवर बोटाने पाण्याचे थेंब टाकले. काँक्रीट कोरं असेल तर थेंब मिनिटभरात जिरतो आणि मागे काळपट डाग उरतो. इथे थेंब अळवाच्या पानावर बसावेत तसे बसून राहिले. साचा काँक्रीटला चिकटू नये म्हणून त्याला आतून तेल लावतात. ते तेल, आणि वर साच्याच्या गुळगुळीत पत्र्यामुळे आलेली सिमेंटची पातळ साय. त्यावर दोन-तीन मिलिमीटर पुट्टी. पुट्टी रंग धरण्यापुरती ठीक होती. तिच्यावर पन्नास किलो साग टांगायचा कुणाचाच विचार नव्हता, तो मी टांगला होता.

मग उरलेल्या चार फळ्या काढायला घेतल्या. तीन हाताने ओढल्या आणि आल्या. चौथी स्विचबोर्डाशेजारची. लावताना मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली होती, कारण तिथे इलेक्ट्रिशियनने बोर्डाची जागा हलवताना छिन्नीने भिंत फोडली होती आणि नंतर सिमेंट-वाळूने ओबडधोबड बुजवली होती. ती फळी निघेना. पटाशी घातली, मग पहार. शेवटी लाकूडच फाटलं आणि सागाचे दोरे भिंतीवर राहिले. छिन्नीने तेलकट साय उडाली होती, आतली खडी-वाळू उघडी पडली होती, गोंदाला धरायला खरीखुरी भिंत मिळाली होती. वर्कशॉपमधली दुसरी फळी ती ही.

एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धीच गोष्ट कळली असती. कारण भिंत तेलकट होती तर फळ्या एप्रिलमध्येच का नाही पडल्या? तीन महिने कशा टिकल्या?

त्या वर्षी गणपतीला गावी गेलो तेव्हा पुट्टीवाली फळी पिशवीत घालून घेऊन गेलो. वडील तेव्हा थकले होते, पण नजर साफ होती. ओटीवर बसून त्यांनी फळी हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली आणि धारेवरून पाहिलं. फळी रुंदीत वाकलेली होती, दोन्ही कडा पुढे आलेल्या, पाठीला पोक. त्यांनी पॉलिशच्या बाजूवर अंगठा फिरवला, मग उलटी करून पाठीवर. म्हणाले, ‘पाठीक कित्याक नाय मारलंस?’

पाठीला पॉलिश मारलं नव्हतं. भिंतीकडची बाजू कोण बघतं म्हणून नव्हे. गोंद लाकडाला बसावा, पॉलिशला नको, म्हणून कोरी ठेवली होती. त्यांनी समोरच्या दाराकडे बोट केलं. आमचं घर जांभ्याचं आहे, दाराची चौकट फणसाची, त्यांनीच केलेली. चौकटीची जी बाजू भिंतीत जाते तिला बसवण्याआधी डांबर फासायचं, हा त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक सुताराचा नेम. लहानपणी डांबराचा डबा धरून मी उभा राहिलोय. ते वाळवीसाठी असतं एवढंच माझ्या डोक्यात होतं. वाळवीसाठी असतंच, पण भिंतीतली ओल लाकडाने पिऊ नये म्हणूनही असतं.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. एप्रिलमध्ये कोरडा असलेला साग ठाण्याच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतो. सहा इंच रुंदीची फळी दोन ऋतूंच्या मध्ये एक ते दीड मिलिमीटर फुगू शकते. माझ्या अकरा फळ्या फटी न ठेवता भिडवलेल्या. म्हणजे जुलैमध्ये सगळ्या मिळून सेंटिमीटरभर जागा मागत होत्या आणि जागा कुठेच नव्हती. शिवाय पुढच्या बाजूला तीन हात पॉलिश, तिथून ओल आत शिरेना. पाठ कोरी, ती ओल पिऊन फुगली. पाठ फुगली की फळीला भिंतीकडे पोक येतो आणि कडा भिंतीपासून सुटायला बघतात. पीयूने आपल्या रबरीपणात जेवढं सोसता येईल तेवढं सोसलं. त्याच्या मागची पुट्टी सोसणारी नव्हती. ती कडेपासून सालपटासारखी सुटत गेली.

म्हणजे लाकूड ओढत होतं, भिंत सोडत होती, आणि दोन्हींच्या मध्ये गोंद बिचारा आपलं काम चोख करत होता.

दिवाळीआधी ती भिंत मी पुन्हा केली, अर्थात माझ्या खर्चाने. या वेळी फळ्या लावायला एक दिवस लागला आणि भिंतीला चार.

ग्राइंडरला डायमंडचं कप व्हील लावून फळ्या येणार होत्या तेवढ्या जागेतली पुट्टी काढली आणि मग काँक्रीटची साय काढली, खालची वाळू डोळ्याला दिसेपर्यंत. या कामाची धूळ फार वाईट. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. तोंडाला नुसता रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारी पोरं मी रोज साइटवर बघतो आणि प्रत्येक वेळी थांबवतो. चांगला मास्क आणि ग्राइंडरला जोडलेला व्हॅक्यूम, याचे पैसे मी कोटेशनमध्ये वेगळे लिहितो. कुणी ते कमी करायला सांगितलं तर कामाला नाही म्हणतो.

घासून झाल्यावर भिंत ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो. तो टाळायचा. ओल्या फडक्याने धुळीचा लगदा होतो, रंध्रांत भरतो आणि सुकल्यावर पुन्हा धूळच राहते. कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूम, पुन्हा ब्रश, पुन्हा व्हॅक्यूम. मग पाण्याचा थेंब. तो जिरला. मग दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी प्लास्टिकच्या आत दव धरलं असेल किंवा काँक्रीट काळवंडलं असेल तर भिंत अजून पाणी सोडतेय. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त पाणी काँक्रीटमध्ये घातलेलं असतं, नाहीतर ते ओतताच येणार नाही. ते जास्तीचं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. जाणती माणसं इंचाला महिना असा हिशेब धरतात, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तोही कमी पडतो. अठ्ठावीस दिवस झाले, काँक्रीट पिकलं, असं साइटवर ऐकू येतं. पिकलं असेल, वाळलं असेलच असं नाही.

प्लास्टिक कोरडं निघालं. मग सागाचे तीन ठोकळे त्याच भिंतीला तीन जागी चिकटवले आणि तीन दिवस थांबलो. तीन दिवस नुसतं थांबणं गिऱ्हाइकाला पटवणं सगळ्यात कठीण. काकूंना मला काहीच पटवावं लागलं नाही. चौथ्या दिवशी हातोड्याने ठोकळे उडवले. एकाने आपले दोरे भिंतीवर ठेवले, दोघांनी काँक्रीटचे करडे कण पाठीला ओढून आणले. दोन्ही उत्तरं चांगली. पुट्टी आली असती, नुसती धूळ आली असती किंवा गोंद स्वच्छ सुटला असता, तर पुन्हा ग्राइंडर.

फळ्यांच्या पाठीवर जिथे गोंदाच्या ओळी येणार तिथे मास्किंग टेप लावली आणि बाकी सगळ्या पाठीला सीलरचे दोन हात दिले. वडिलांच्या डांबराची आठवण ठेवूनच दिले. टेप काढल्यावर उघड्या राहिलेल्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या आणि थिनरच्या फडक्याने पुसल्या. सागाच्या अंगात तेल असतं. जुना साग असला तरी रंधा मारून ताजी बाजू काढली नाही आणि पुसली नाही तर गोंद त्याच तेलावर बसतो. फळी-फळीत दोन मिलिमीटरची फट ठेवली, मधे पत्त्याच्या जाडीचे तुकडे एकावर एक घालून. मला ती फट सुरुवातीला डोळ्यांत खुपली. आता फट नसलेलं काम खुपतं.

गोंदाच्या ओळी उभ्या आणि सुट्या ओढल्या. चौकोन करून ओळ बंद केली की आतली हवा कोंडते, आणि हवेतल्या ओलीवर आवळणारा गोंद मधल्या भागात तसाच ओला राहतो. नळीचं टोक कापताना त्याला व्ही आकाराची खाच दिली म्हणजे वळी उंच येते. सहा मिलिमीटर जाडीची वळी ओढली तर एका नळीत दहा मीटर निघते, त्यामुळे दर फळीला दोन ओळी म्हटल्या तर किती नळ्या लागतील ते आधीच कळतं. आणि फळी दाबायची ती गोंद सगळा बाहेर येईपर्यंत नाही. मागे दोन मिलिमीटर जाडीचा थर राहिला पाहिजे, म्हणून भिंतीवर ओळींच्या मध्ये दोन मिलिमीटरचे रबराचे छोटे तुकडे चिकटवले. गोंदाचा थर कागदासारखा पातळ झाला की त्याला ताणायला जागा राहत नाही, मग तो पीयू असो की आणखी काही. ॲराल्डाइटसारखा कडक इपॉक्सी मी इथे वापरत नाही ते याचसाठी. धातूला, दगडाला तो उत्तम. रुंद लाकडाला काँक्रीटशी असं कडक जखडलं तर पावसाळ्यात लाकूड फाटतं नाहीतर भिंतीची साल येते.

आणि तरीही, सगळ्या फळ्यांच्या खाली जमिनीपासून चार इंचांवर सागाची एक पट्टी लावली. फळ्यांचं वजन तिच्यावर टेकलं. त्या उंचीवर स्कर्टिंगमागे पाइप नाहीत याची खात्री डिटेक्टर फिरवून केली आणि काकूंची परवानगी घेऊन चार भोकं पाडली. वजन पट्टीने पेलायचं, गोंदाने फक्त फळी भिंतीला धरून ठेवायची. जिथे खाली माणूस झोपणार तिथे नुसत्या गोंदावर मी काहीही टांगत नाही. छताला तर नाहीच. भिंतीवरची कपाटं, जिन्याचा कठडा यांना अँकरच लागतो, गोंद असला तर सोबतीला.

पुढे पुण्यात एका गच्चीवर लाकडी डेक करायचं काम आलं. वॉटरप्रूफिंगचा थर असल्यामुळे भोक पाडता येत नव्हतं, म्हणून मालकाने गोंद सुचवला. पण गोंद थराला धरला असता, स्लॅबला नाही, आणि लाकडाने हलताना थरच उचलला असता. तिथे मी काहीच चिकटवलं नाही. रबराच्या पॅडवर सांगाडा नुसता ठेवला, चारी बाजूंनी फट सोडली, आपल्या वजनाने बसला. मालकांना तो कच्चा वाटला होता. दोन पावसाळे बघून मग पटलं.

आमच्या धंद्यात भिंत घासण्याचा दिवस कुणी मोजत नाही. गिऱ्हाइकाला फळी दिसते, पॉलिश दिसतं, पाठ दिसत नाही. त्यामुळे कोटेशनमध्ये पहिली कात्री तिथेच लागते, आणि कमी पैशात काम घेतलेला कारागीर बिचारा पुट्टीवरच वळ्या ओढून मोकळा होतो. त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. पण त्या पुट्टीखाली काय आहे ते त्याला कुणीतरी एकदा दाखवलं पाहिजे, म्हणून हे सगळं लिहितोय.

माझ्याकडे सध्या लांज्याचा एक मुलगा शिकायला आहे. परवा कल्याणला एका घरात जिन्याखालच्या काँक्रीटच्या भिंतीला शिवणीच्या पट्ट्या लावायच्या होत्या. भिंत त्यानेच घासली होती, ठोकळेही त्यानेच लावले होते. तीन दिवसांनी मी दुसऱ्या कामावर होतो तेव्हा त्याने ठोकळे उडवले आणि पाठींचे फोटो पाठवले. दोन ठोकळ्यांवर करडे कण स्पष्ट दिसत होते. तिसऱ्याच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढा पांढरा डाग होता. मी फोन लावायच्या आत त्याचाच आला. ‘काका, तिसरा बघितलात? तिथे पुट्टी राहिलीय. ग्राइंडर पुन्हा काढतो, पट्ट्या उद्या लावू.’